कोकणच्या आमदारांना खुलं पत्र: दारुड्या ड्रायव्हरला आत टाकायचं की पायात पट्टा घालायचा, आधी खर्च तरी मांडा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सगळ्या आमदारांना, पक्ष कुठला का असेना, सप्रेम नमस्कार.

माझ्यासारख्याचं पत्र वाचायला तुम्हाला वेळ नसतो हे माहितीये, पण हा विषय असा आहे की तुमच्यापैकी कोणीतरी सभागृहात प्रश्न टाकल्याशिवाय काही हलणार नाही, म्हणून लिहितोय. मी देवगडला असतो, आंबा बागायतदार, ट्रॉलरवाले आणि थोडेफार ट्रान्सपोर्टवाले यांचे हिशोब लिहितो. वकील नाही, पोलीसही नाही. जमा-खर्च तेवढा कळतो.

दर ३१ डिसेंबरला आणि शिमग्याला नाकाबंदी लागते, पोरं तोंडाला मशीन लावून पकडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर तेच भांडण सुरू. अर्धे म्हणतात सगळ्यांना जेलात टाका, तीन महिने खडी फोडू दे, अक्कल येईल. उरलेले, म्हणजे ज्यांचे पोरगे बाहेरदेशी आहेत ते, म्हणतात जेल कशाला, पायात जीपीएसचा पट्टा घाला आणि घरी बसवा, खूप स्वस्त पडतं. आणि एखादा म्हातारा मधेच लिहितो, "तेका काय होता, दंड भरलो काय सुटलो." खरं सांगायचं तर तिघांमध्ये म्हाताऱ्याचंच सगळ्यात बरोबर आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी कायदा, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. त्यातला तो "किंवा" बघा, सगळा कारभार त्याच्यावर चालतो. कोणी मेलं तर मग भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या आयपीसीत ते दोनच वर्षं होतं.

आता जेलचा खर्च. सुप्रीम कोर्टाच्या संशोधन विभागाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तुरुंगांवर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात ओडिशाचा हिशोब दिलाय: एका कच्च्या कैद्यावर (म्हणजे ज्याचा निकालच लागलेला नाही) सरकारचा वर्षाला साधारण १ लाख रुपये खर्च, आणि पायात घालायचा ट्रॅकर १० ते १५ हजारांत. झालं, हा आकडा पेपरात आला आणि सगळ्यांनी उचलला. एक लाख विरुद्ध पंधरा हजार, यात विचार कसला करायचा? पण असा हिशोब माझ्याकडे कुठला क्लायंट घेऊन आला ना, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. कारण एका बाजूला वर्षभराचा सगळा चालू खर्च धरलाय, शिपायांच्या पगारासकट, आणि दुसऱ्या बाजूला फक्त वस्तूची किंमत. ट्रॉलर कितीला पडला ते विचारलंत, पण डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार कोण मोजणार?

तर मोजू या. पट्टा घातला की त्याचा सिग्नल कुठेतरी जातो, तिथे कोणीतरी चोवीस तास बसायला पाहिजे. एक खुर्ची चोवीस तास, सातही दिवस भरलेली ठेवायची तर तीन पाळ्या, सुट्ट्या, आजारपण धरून पाच माणसं लागतात. समजा प्रत्येकाला २५ हजार पगार. महिन्याला सव्वा लाख, वर्षाला १५ लाख. आता त्या खोलीतून शंभर पट्टे बघत असाल तर पट्ट्यामागे वर्षाला १५ हजार, म्हणजे दिवसाला ४१ रुपये. परवडलं. पण एका जिल्ह्यात दहाच पट्टे असतील तर पट्ट्यामागे दीड लाख, ओडिशाच्या जेलपेक्षा महाग! आणि यात अजून गाडी नाही, पेट्रोल नाही, कंपनीचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट नाही, पट्टा कापून पळाला तर त्याला शोधायला लागणारे पोलीस नाहीत. म्हणून कोणी तुम्हाला "सिंधुदुर्ग पायलट प्रोजेक्ट" म्हणून वीस पट्टे आणि एक चकचकीत कंट्रोल रूम विकायला आलं तर फीत कापायच्या आधी हा भागाकार करून बघा. अख्ख्या राज्याला एकच रूम असेल तरच पट्टा स्वस्त.

बरं जेलच्या बाजूलाही गंमत आहे. एक लाख ही सरासरी. अलिबागला हिराकोटातलं जेल आहे, सावंतवाडीला आहे, रत्नागिरीचं विशेष कारागृह आहे, तिथे एक माणूस कमी झाला म्हणून एक शिपाई कमी होतो का? लाईट बिल कमी होतं का? वाचतं ते त्याचं जेवण, साबण आणि औषधपाणी. खरी बचत तेव्हाच, जेव्हा एवढे लोक कमी होतील की नवीन बराक बांधायची गरजच राहणार नाही. आता देशातली जेलं भरलेली आहेत हे खोटं नाही, २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी सांगते की जागा शंभरची तर आत १३१ माणसं, आणि चारातले तीन कच्चे कैदी. तिथे पट्ट्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती गर्दी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची नाही. हा गुन्हा जामीनपात्र आहे, संध्याकाळी पकडला की सकाळी घरी.

आणि इथे तो म्हातारा परत येतो. दंड भरला की सुटला. कोर्टात कबूल करायचं, दंड भरायचा, फार तर कोर्ट उठेपर्यंत बाकड्यावर बसायचं. मग तुम्ही पट्टा आणलात तर तो घालणार कोणाला? जेलात जाणाऱ्याला की दंड भरून सुटणाऱ्याला? जेलात जाणारा बाहेर आला तर खर्च थोडा तरी वाचला. पण जो आज १० हजार सरकारजमा करून घरी जातो, त्याच्या पायात उद्या तुम्ही पट्टा घातलात तर एक पैसाही वाचला नाही, उलट नवीन खर्च अंगावर घेतला. बाहेरच्या देशांत या पट्ट्यावर मोठी टीका याच मुद्द्यावर झालीय, की जेल रिकामं होत नाही आणि पट्टेवाले मात्र वाढतात. आपल्याकडे तर हे शंभर टक्के होणार, कारण घालायला सोपा माणूस तोच, गरीब, कबूल झालेला, वकील नसलेला.

पट्टा सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही. डेन्मार्कने २००५ मध्ये पट्टा सुरू केला तोच मुळी वाहतुकीच्या गुन्हेगारांपासून, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा झालेल्यांसाठी, आणि मग हळूहळू बाकीच्या गुन्ह्यांना लावला. स्वीडनने त्याच्या आधी, नव्वदीच्या दशकात केलं, तिथेही मोठा भरणा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचाच होता. अट अशी की कामावर जायचं, ठरलेल्या वेळेला घरी यायचं, दारूला हात लावायचा नाही, आणि कमावता असेल तर दिवसाला ठरलेली रक्कम भरायची, ती गुन्ह्याचा त्रास झालेल्यांसाठीच्या फंडात जाते. हे मला फार आवडलं. पण त्यांनी माणूस आधी जेलची शिक्षा झालेला घेतला, मग पट्टा दिला. क्रम बघा. इंग्लंडमध्ये एका कैद्याचा वर्षाचा खर्च ५० हजार पौंडांच्या वर आहे, तिथे कुठलाही पट्टा स्वस्तच दिसणार. आपल्याकडे जेल मुळातच काटकसरीत चालतं (काटकसर म्हणजे काय ते आत जाऊन आलेल्याला विचारा), त्यामुळे त्यांची टक्केवारी इथे आणून चिकटवू नका.

आता देवगडचं घ्या. आमच्याकडे मोबाईलला रेंज यायला सड्यावर जावं लागतं अशा वाड्या आजही आहेत. पावसात लाईट गेली की दोन दोन दिवस नाही, मे २०२१ ला तौक्ते वादळानंतर तर विचारूच नका. जीपीएसचा पट्टा रोज चार्ज करावा लागतो आणि सिग्नल पाठवायला त्याला नेटवर्क लागतं. माणूस खाली खाडीकाठच्या घरात गुपचूप झोपलाय, रेंज गेली, तिकडे कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागला, फोन आला पोलीस दूरक्षेत्रात, तिथला एकटा हवालदार रात्री दोन वाजता रेनकोट घालून बाईकवरून वळणं काढत पंधरा किलोमीटर गेला, बघतो तर हा घोरतोय. हा खर्च कुठल्या टेंडरमध्ये लिहिलेला असतो सांगा. माणसाने माणसावर पहारा ठेवला की काय बिल येतं ते नवी मुंबईत बघितलंय आपण, एका गाजलेल्या केसमधल्या आरोपीला सुप्रीम कोर्टाने नजरकैदेत ठेवायला दिलं, आणि २०२४ मध्ये एनआयएने कोर्टाला सांगितलं की पहाऱ्याचे १ कोटी ६४ लाख येणे आहेत. एका माणसाचे! तो वेगळा मामला, दारूचा नाही, पण घरात ठेवणं म्हणजे आपोआप स्वस्त हे डोक्यातून काढायला पुरेसा आहे.

आणि सगळ्यात मोठा घोळ तर अजून सांगितलाच नाही. जीपीएस काय सांगतो? माणूस कुठे आहे. तो प्यायलाय का, हे सांगत नाही. गाडी तो चालवतोय की बाजूला बसलाय, हेही सांगत नाही. बांद्यापलीकडे गोव्यात स्वस्त मिळते, घरी आणून पडवीत बसून पितोय, पट्टा म्हणणार माणूस घरी आहे, सगळं ठीक. मग मेव्हण्याची अॅक्टिव्हा काढून नाक्यापर्यंत गेला, पट्टा म्हणणार हद्दीत आहे, सगळं ठीक. आपल्याला माणूस घरात कोंडायचा नाहीये हो, आपल्याला तो पिऊन स्टेअरिंगवर बसू नये एवढंच पाहिजे, आणि त्यासाठी हे यंत्रच चुकीचं आहे.

दारू ओळखणारा पट्टा वेगळा असतो. तो घाम तपासतो, दर अर्ध्या तासाला. इंग्लंडमध्ये कोर्ट तो १२० दिवसांपर्यंत घालायला लावू शकतं, वेल्समध्ये २०२० ला आणि इंग्लंडमध्ये २०२१ ला सगळीकडे सुरू झाला. चांगला आहे, पण यंत्र महाग आणि बाहेरून आणायचं. गाडीतच मशीन बसवून फुंकल्याशिवाय चालू न होणारी गाडी हाही एक प्रकार आहे, पण आमच्याकडचे निम्मे पिणारे दुचाकीवर, आणि दुसऱ्याच्या दुचाकीवर.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या साऊथ डकोटा या राज्यात २००५ साली जे सुरू झालं ते मला कोकणाला जास्त जमणारं वाटतं. परत परत सापडलेला माणूस, त्याने सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ठरलेल्या ठिकाणी जाऊन मशीनमध्ये फुंकायचं. एका वेळचा खर्च साधारण एक डॉलर. कोरा निघाला तर जा कामावर. प्यायलेला निघाला तर तिथल्या तिथे आत, पण एखाद-दोन दिवसच, लगेच सुटका, परत दुसऱ्या दिवसापासून फुंकणं चालू. यावर नंतर अभ्यास झाला, आणि ज्या ज्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) हे आलं तिथे पिऊन गाडी चालवताना परत पकडले जाण्याचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी आणि घरगुती मारहाणीच्या अटका ९ टक्क्यांनी कमी झाल्या असं निघालं. हा दुसरा आकडा आमच्या गावातल्या बायकांना वाचून दाखवा, कुठल्याही आमदाराला मतं कमी पडायची नाहीत.

यात कंट्रोल रूम नाही, रेंज नाही, चार्जर नाही. मशीन पोलिसांकडे आहेच, नाकाबंदीला वापरतात. अडचण आहे ती अंतराची, माझ्या गावातून पोलीस दूरक्षेत्रात दिवसातून दोनदा जायचं तर एसटीच्या वेळा बघाव्या लागतील, लायसन्स तर जप्त, स्वतःची गाडी काढता येणार नाही. त्यावर मार्ग काढा, गावात पोलीस पाटील आहेत, ग्रामपंचायत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पोलीस पाटलाला मानधन वाढवून द्या आणि रजिस्टर द्या. हां, पोलीस पाटील त्याचाच चुलतभाऊ निघणार हे मलाही माहितीये. म्हणून मशीनमधला प्रिंटआऊट पाहिजे, हाताने लिहिलेला शेरा नको.

आता घरचा हिशोब, जो सरकारच्या वहीत कधीच येत नाही. समजा आमच्याकडचा एक टेम्पो ड्रायव्हर, हापूस भरून रात्रीचा वाशी मार्केटला जाणारा. पगार धरा १८ हजार. दुसऱ्यांदा सापडला, तीन महिने कैद झाली. ओडिशाचा दर लावला तर सरकारचे गेले २५ हजार. घरचे गेले ५४ हजार, ते पण ऐन सीझनचे. बचत गटाचा हप्ता थकला, पोरीची फी थकली, मालकाने बदली ड्रायव्हर घेतला म्हणजे सुटून आल्यावर नोकरी पण नाही. म्हणजे शिक्षेचा दोन-तृतीयांश खर्च त्याच्या बायकोने भरला, जी बिचारी त्याला पिऊ नको म्हणून सांगत होती. त्यापेक्षा लायसन्स काढून घ्या, गाडीला हात लावू देऊ नका, आणि पॅकिंग हाऊसला पेट्या भरायला जाऊ दे, सकाळ-संध्याकाळ फुंकून. पैसे कमी मिळतील, पण मिळतील. आणि त्यातले थोडे कापून स्वीडनसारखे अपघातग्रस्तांच्या फंडात टाका. आज पळून गेलेल्या गाडीने उडवलं आणि माणूस मेला तर सरकारी योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात, गंभीर जखमीला ५० हजार. २०२२ च्या आधी तर २५ हजार आणि साडेबारा हजार होते. त्या फंडात भर पडायला नको का?

मात्र रोजच्या तपासणीचे पैसे त्याच्याकडून वसूल करायचे असतील तर जपून. अमेरिकेत पट्ट्याचं भाडं भरता आलं नाही म्हणून परत जेलात गेलेली माणसं आहेत. म्हणजे ज्याच्याकडे पैसे तो घरी, ज्याच्याकडे नाहीत तो आत, मग हे सगळं केलं कशाला. पुण्याहून थार घेऊन येऊन बीचवर घालणाऱ्याला दिवसाचे दोनशे काय आणि हजार काय. जमेल तसं लावा, पगारावर लावा.

कोणाला मारलं असेल, तेही पिऊन, तर यातलं काहीच नको. तिथे जेल, आणि खर्चाचा विषय काढूच नका. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेने दोन तरुण इंजिनियर चिरडले आणि पोराला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्याने लोकांचा जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. उद्या असल्या केसमध्ये कोणी पट्टा घालून घरी गेला तर तुमची योजना त्या दिवशी मेली म्हणून समजा. परत परत सापडणारा, पण अजून कोणाला न उडवलेला, त्याच्यासाठीच हे आहे. तोच उद्या कोणालातरी उडवणार असतो.

कायद्याचं म्हणाल तर आज कोर्टाला असली शिक्षा देताच येत नाही. न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि आता नव्याने सामुदायिक सेवा एवढंच आहे, पट्टा नाही, घरकैद नाही. केंद्राच्या २०२३ च्या मॉडेल तुरुंग कायद्यात ट्रॅकर आहे पण तो रजेवर सोडलेल्या कैद्याला, तोही त्याची तयारी असेल तर. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये पायातला जीपीएस आणला तो अतिरेकी कारवायांच्या केसमधल्या जामिनावरच्या आरोपींसाठी. आणि जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन देताना गुगल मॅपचं लोकेशन सतत पोलिसांना दाखवत राहा अशी अट घालता येणार नाही, खासगीपणाचा भंग आहे. म्हणजे उद्या कुठल्या उत्साही अधिकाऱ्याने जीआर काढून पट्टे वाटले तर ते कोर्टात टिकणार नाहीत. तुरुंग हा राज्याचा विषय, मोटार वाहन कायदा केंद्राचा पण समवर्ती सूचीतला, तेव्हा राज्याने दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेणं हा रस्ता आहे, लांबचा आहे, पण आहे. मुंबई-गोवा हायवेपेक्षा तरी लवकर होईल. चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं होतं, आठवण करून दिली फक्त.

तोपर्यंत एक काम तुम्ही या अधिवेशनात करू शकता, त्याला पैसा लागत नाही. तारांकित प्रश्न टाका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेल्या पाच वर्षांत कलम १८५ खाली किती जण सापडले, त्यातले दुसऱ्यांदा किती, किती जणांनी फक्त दंड भरला, प्रत्यक्ष कैद किती जणांना झाली आणि किती दिवसांची, आणि आपल्या दोन जिल्ह्यांतल्या जेलांत एका कैद्यावर दिवसाला नक्की किती खर्च येतो, पगार वेगळा आणि जेवण-औषध वेगळं दाखवून. ओडिशाचा आकडा घेऊन किती दिवस भांडणार. गृह विभागाचं उत्तर आलं की मला पाठवा, शीट बनवून देतो, फी नाही घेणार.

आपला,
देवगडचा एक हिशोबनीस मतदार